कुणी बघतंय का?

सगळी मुंबई प्रेम करायला आमच्या जिल्ह्यात येते. थंडीत महाबळेश्वर, पावसात पाचगणी, सप्टेंबरात फुलं बघायला कास. वेण्णा तलावावर होडीसाठी रांग लावतात, टेबल लँडवर घोड्यावर बसून किंचाळतात, स्ट्रॉबेरी-क्रीमच्या एकाच पेल्यात दोन चमचे घालतात आणि संध्याकाळी सूर्यास्ताला एका कड्यावर जाऊन उभे राहतात. त्या कड्याचं नाव बॉम्बे पॉइंट. एवढा घाट चढून यायचं आणि शेवटी बॉम्बेवरच उभं राहायचं, हे मुंबईकरांनाच जमतं.

आता साताऱ्याच्या जोडप्याने कुठे जायचं? महाबळेश्वरला आमच्या चुलतदिरांची स्ट्रॉबेरीची शेती आहे. कासच्या वाटेवर नणंद राहते. ती जेवल्याशिवाय पुढे सोडत नाही आणि तिच्याकडे जेवल्यावर फुलं बघण्याइतके डोळे उघडे राहत नाहीत. पाचगणीत प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर ह्यांचा एक तरी विद्यार्थी आहे. हे माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. निम्म्या साताऱ्याला त्यांनी प्रमेयं शिकवली आणि उरलेल्या निम्म्याला अंगठे धरून उभं केलं. त्यामुळे राजवाडा असो, मंडई असो की पोवई नाका, ‘सर, नमस्कार’ ऐकल्याशिवाय शंभर पावलं सरत नाहीत. अशा माणसाच्या बायकोला रस्त्यात लाडात येता येत नाही.

साताऱ्यात नवरा-बायको फिरायला जातात. जात नाहीत असं नाही. रोज संध्याकाळी ‘चार भिंती’च्या टेकडीच्या चढावर निवृत्त जोडप्यांची वर्दळ असते. पण नवरा पुढे आणि बायको दहा पावलं मागे. मधल्या दहा पावलांत शेजारीण, भाजीची पिशवी आणि शहराचा सगळा पत्रव्यवहार मावतो. एकदा उतरताना खडी होती म्हणून ह्यांनी माझा हात धरला. समोरून येणाऱ्या गृहस्थांनी तिथेच थांबून विचारलं, “वहिनींचा पाय मुरगळला का?” नाही म्हणून सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेजारीण आंबेहळद घेऊन आणि दुसरी हाडवैद्याचा पत्ता घेऊन दारात उभी.

तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाला मुलीने पुण्याहून फर्मान काढलं: “आई-बाबा, तुम्ही मुंबईला जा. दोघंच. मी बुकिंग केलंय.” सोबत फोनवर एक यादी. शहरात जोडप्याने करायच्या रोमँटिक गोष्टी. समुद्रकाठी सूर्यास्त, होडीतून सफर, मेणबत्तीच्या उजेडात जेवण, वरून उघड्या बसमधून शहर, जुन्या कॅफेत नाश्ता, हातात हात घालून सिनेमा. ह्यांनी ती यादी कागदावर उतरवली, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि वेळापत्रक केलं. ‘५.४५ ते ६.४५ सूर्यास्त. ६.४५ ते ७.०० मधली सुट्टी.’

उघड्या बसवर लगेच काट मारावी लागली. बेस्टची ती बस २०२३च्या ऑक्टोबरात बंद झाली, आणि जुनी लाल डबलडेकर तिच्या आधीच्या महिन्यात. आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर आहेत. त्यांच्यात वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटसाठी शाळकरी मुलांशी झटापट करावी लागते. ह्यांनी ती केली आणि जिंकली. त्या मुलाला त्यांनी सतराचा पाढा विचारला होता.

पण आधी हॉटेल. फोर्टातल्या काउंटरवर आमच्या पुढे एक तरुण जोडपं उभं होतं. मुलगा डोंबिवलीचा, मुलगी मुलुंडची, दोघांची आधार कार्डं चकाचक. काउंटरवरच्या माणसाने ती बघितली आणि परत केली. “लोकल आयडी चालत नाही.” ह्यांना हे गणित काही सुटेना. म्हणजे परगावचे असाल तर खोली, गावातलेच असाल तर घरी जा? दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. हा नियम हॉटेलवाल्यांनी स्वतःच्या मनाने केला, तोही पोलिसांच्या धाकाने. २०१५च्या ऑगस्टमध्ये मढ-अक्साच्या हॉटेलांवर धाडी घालून पोलिसांनी जोडपी बाहेर काढली होती. त्याचा एवढा बोभाटा झाला की पोलिसांचीच चौकशी लागली. चौकशी संपली असेल, धाक राहिला. लाखो प्रेमिक असलेल्या या शहरात दार बंद करून घ्यायला एक खोली हवी असेल, तर पत्ता साताऱ्याचा लागतो. आधी कळतं तर आम्ही आमचा पत्ता भाड्याने दिला असता.

आमची पाळी आली. ह्यांनी लग्नाचा दाखला लॅमिनेट करून आणला होता. कुणी मागितला नाही, तेव्हा त्यांनी तो आपणहून काउंटरवर ठेवला. त्या माणसाने आमच्याकडे एकदा बघितलं, दाखला न उचलता परत सरकवला आणि म्हणाला, “राहू द्या काका, दिसतंय.”

नेमकं काय दिसतंय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवले होते आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्या. मुलीने हॉटेलला वाढदिवसाचं कळवलं होतं. ह्यांनी आधी एक हंस उलगडला, कारण त्यांना हातपाय धुवायचे होते. मग पाकळ्या गोळा करून कागदात बांधल्या. चादरीला डाग पडतील आणि आपल्या बिलात लावतील म्हणून. उरलेला हंस त्या पांढऱ्या चादरीवर एकटाच चोच पुढे करून बसला होता. मला बघवेना. मीही त्याला उलगडला.

आणि मग आमच्या लक्षात आलं, की खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंत नाहीये. काच आहे. स्वच्छ, आरपार, जमिनीपासून छतापर्यंत काच. ह्यांनी फोन उचलला. “अहो, तुमच्याकडे भिंत बांधायची राहिलीय.” पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, “सर, ते रोमँटिक फीचर आहे.” पडदा आहे का? होता, धुवायला गेलाय. माझं स्पष्ट मत आहे, की ही काच ज्याने पहिल्यांदा बसवली त्याचं लग्न झालेलं नव्हतं. इतकी वर्षं संसार टिकतो तो एकमेकांपासून काय काय झाकलं यावर. दात घासताना माणूस कसा दिसतो हे ज्याला कळलं, त्याच्यापुढे गुलाबाच्या पाकळ्यांचं काय चालणार? ह्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदे बांधायचा अनुभव होता. पलंगावरची जादा चादर, माझ्या दोन साड्या आणि कपडे वाळत घालायची दोरी (ती आम्ही प्रवासात नेतोच) एवढ्या सामग्रीवर त्यांनी असा काही पडदा उभारला, की अंघोळीला आत जाताना आता तिसरी घंटा होणार असं मला वाटायला लागलं.

संध्याकाळी वेळापत्रकानुसार मरीन ड्राइव्ह. मुंबईत एकांत शोधणारी माणसं नेमकी जिथे सगळी मुंबई येते तिथेच येऊन बसतात, हे मी ऐकून होते. पण तिथे बसण्याचंही एक शास्त्र आहे, ते डोळ्यांनी बघावं लागतं. कट्ट्यावर बसायच्या दोन रीती. समुद्राकडे तोंड आणि पाय टेट्रापॉडच्या बाजूला सोडलेले, ही लग्नाआधीची. रस्त्याकडे तोंड आणि पिशवी मांडीवर, ही लग्नानंतरची. लग्नाआधीच्यांचं बरोबरच आहे. मागून गाडीतून मामा गेला, तर त्याला फक्त पाठ दिसेल आणि पाठीवरून कुणाला घरी जाब विचारता येत नाही. लग्न झालेल्यांना मामाची भीती नसते. त्यांना विषय हवा असतो. समुद्राकडे तोंड केलं की एकमेकांशी बोलावं लागतं. रस्त्याकडे तोंड केलं की रस्ता विषय पुरवतो. ही गाडी केवढ्याची, त्या बाल्कनीचं भाडं किती, हा कुत्रा कोण धुतो.

आम्ही रस्त्याकडे तोंड करून बसलो.

समोर त्या गोलसर कोपऱ्यांच्या, सज्जांना आडव्या पट्ट्या असलेल्या आर्ट डेको इमारती होत्या. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यांतल्या काही या रांगेतल्या. हे म्हणाले, “आणि ही वाट काही अर्धवर्तुळ नाहीये बरं का. लोक उगाच म्हणतात. कंस आहे.” दिवे लागल्यावर या कंसाला राणीचा रत्नहार म्हणतात. मी तेवढ्यात हाराचा विषय काढून पाहिला. ते कंसाची त्रिज्या काढायला लागले.

कट्ट्यावर दर दोन जोडप्यांमध्ये हातभर जागा असते. ती कुणी आखून दिलेली नाही. नवं जोडपं आलं की सगळी रांग बूडभर सरकते, वर कुणी बघत नाही, बोलत नाही, आणि पुन्हा सगळ्यांमध्ये तेवढंच अंतर. ह्यांना या शिस्तीचं फार कौतुक वाटलं. शाळेत प्रार्थनेला हे त्यांना कधी जमवता आलं नव्हतं. गुलाब विकणारा एक पोरगा रांगेतल्या प्रत्येक जोडप्यापाशी थांबत, गळ घालत येत होता. आमच्यापाशी आला, आमच्याकडे बघितलं आणि वळसा घालून पुढे गेला. त्याच्या मागून शेंगदाणेवाला आला, तो मात्र थांबला.

प्रेमाच्या जागांवरून मुंबईत भांडणं होतच असतात. बोरिवलीत २०२१ साली एका सोसायटीच्या लोकांनी, दाराबाहेरच्या रस्त्यावर गाड्या लावून बसणाऱ्या जोडप्यांना कंटाळून, चक्क डांबरावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: इथे चुंबनाला मनाई. त्या सोसायटीचं नाव सत्यम शिवम सुंदरम. रहिवाशांचाही नाइलाज असणार, खिडकीतून मुलं बघतात वगैरे. पण वाहतुकीच्या नियमांत, थांबा आणि हॉर्न वाजवू नका यांच्या जोडीला, चुंबनाचाही नियम रंगवावा लागला हे या शहरात जागा किती कमी आहे याचं माप आहे. ज्यांना हॉटेलात ‘लोकल’ म्हणून नाही म्हणतात ते गाडीत बसतात, ज्यांच्याकडे गाडी नाही ते कट्ट्यावर बसतात, आणि कट्ट्यावरून शिट्टी वाजवून उठवलं की पुढच्या कट्ट्यावर.

आमच्या समोरूनही हवालदार गेले. शेजारच्या जोडप्याला त्यांनी “सरका जरा” म्हणून सांगितलं. आमच्याकडे बघून मात्र हसून मान लववली. वय वाढल्याचं दुःख मला आरशापुढे झालं नव्हतं ते तिथे झालं. मी इरेला पेटून ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ते ताठ झाले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “कुणी बघतंय का?”

कुणीही बघत नव्हतं. डावीकडची दोघं फ्लॅटच्या हप्त्यावरून कुजबुजत भांडत होती, उजवीकडची दोघं एकाच इअरफोनची दोन बोंडं दोघांच्या कानांत घालून बसली होती. मागे समुद्र, पुढे गाड्या, मध्ये हजारो माणसं आणि त्यांतल्या एकालाही माझ्या पायाला काय झालंय याची काळजी नव्हती. या शहरात रोमँटिक म्हणण्यासारखं जर काही असेल तर ते हे, असं माझं त्या कट्ट्यावर मत झालं. हे मात्र अस्वस्थ. थोड्या वेळाने म्हणाले, “कुणीच नमस्कार करत नाही गं. आपण आहोत ना इथे, असं वाटायला लागलंय.”

मेणबत्तीच्या जेवणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंधारात मेनू वाचता येईना म्हणून ह्यांनी फोनचा टॉर्च लावला, तर चारी टेबलांवरचं प्रेम उजेडात आलं. लोडशेडिंगच्या वर्षांत महावितरणने आम्हाला हे जेवण कित्येक महिने रोज दिलं होतं, आणि त्यावर सर्व्हिस चार्ज नव्हता.

दुसऱ्या दिवशी होडीची सफर, म्हणजे गेटवेवरून घारापुरी. गेटवेखाली लाँचची वाट बघताना तिथल्या एका गोष्टीने मला बराच दिलासा दिला. मुंबईत जोडीने सहलीला आलेल्या आणि फजिती झालेल्या पाहुण्यांत आम्ही पहिले नव्हतो. १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे बोटीतून उतरले. त्यांच्या स्वागतासाठी ही भव्य कमान. पण ती बांधून कुठे झाली होती? राजा-राणीला बघायला मिळाला पुठ्ठ्याचा नमुना. पायाचा दगड बसला १९१३ मध्ये, ती पुरी झाली १९२४ मध्ये. राणी परतीच्या वाटेवर राजाला काय म्हणाली असेल, याची कल्पना कुठलीही बायको करू शकते. ‘तुम्हीच म्हणालात ना, सगळं बुकिंग झालंय?’

लाँचला तासभर लागतो. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे. ह्यांनी ते दिले, हेच मी दिवसातलं मोठं प्रेम धरलं. बेटावर उतरल्यावर धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे, मग शंभरावर पायऱ्या, दुतर्फा टोप्या आणि माळांची दुकानं, आणि माकडं. माकडांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येतं. माझ्या बाटलीचं झाकण ह्यांना उघडत नव्हतं, ते माकडाने उघडलं.

पण लेणं! मुलीच्या यादीत ते ‘होडीतून सफर, सोबत फोटो’ एवढंच होतं. माझ्या मते लग्नाला दहा वर्षं झालेल्या प्रत्येक जोडप्याला सरकारी खर्चाने इथे आणावं. (सोमवारी आणू नये, सोमवारी बंद असतं.) सगळे जण समोरच्या वीस फुटी त्रिमुखी सदाशिवाकडे बघत उभे राहतात, ते योग्यच आहे. पण त्याच्या आजूबाजूच्या भिंतींवर अख्खा संसार कोरलेला आहे. एका शिल्पात शंकर-पार्वतीचं लग्न. पार्वती मान खाली घालून उभी, लाजलेली, आणि तिला कुणीतरी मागून हलकेच पुढे सरकवतंय. हा प्रसंग मी स्वतः अनुभवलेला असल्यामुळे मला तिची ती मान फार ओळखीची वाटली. मागे मामा असतो. सदाशिवाच्या एका अंगाला अर्धनारीश्वर: लग्नाच्या पत्रिकेत छापतात तो आदर्श. दुसऱ्या अंगाला गंगाधर: डोक्यावर गंगा झेलून घेतोय आणि शेजारी पार्वती उभी आहे. आदर्शाच्या पलीकडच्याच भिंतीवर दुसरी बाई डोक्यावर आलेली. हे अंतर कोरणाऱ्यांनी किती विचारपूर्वक ठेवलंय! तिच्या उभं राहण्यात एक किंचित दुरावा आहे. ‘घ्या, घ्या, तिलाही घ्या.’ आणखी एका शिल्पात दोघं कैलासावर बसलेत आणि खाली रावण अख्खा पर्वत हलवतोय. हे मला अगदी पटलं. बाहेरून कुणीतरी हलवल्याशिवाय नवरा-बायको एका बाजूला येत नाहीत.

आणि दाराजवळ पुन्हा शंकर-पार्वती. तिथला गाइड सांगत होता, की दोघं सारीपाट खेळतायत, शंकराने लबाडी केली आणि पार्वती रुसून तोंड फिरवून बसलीय. शिल्प इतकं झिजलंय की कोण काय खेळतंय हे सांगणं कठीण. पण फिरवलेलं तोंड मात्र मी कुठूनही ओळखीन. हे गाइडला म्हणाले, “लबाडी केलीच असेल कशावरून? फासे आहेत, शक्यता असते.” सगळ्या घोळक्यातल्या बायका एकाच वेळी त्यांच्याकडे वळून बघायला लागल्या. एका क्षणात तिथे सारीपाटाचं दुसरं शिल्प तयार झालं.

पुढची सकाळ इराण्याकडे. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं. तिथे बन मस्का, ब्रून मस्का, मावा केक आणि चहा मिळतो. एकांत मिळत नाही, कारण चौघांच्या टेबलावर चौघं बसवतात. आमच्या समोर दोन वकील बसले होते. त्यांचा विषय घटस्फोट होता. तपशील इतके रंगतदार होते की आम्ही दुसरा चहा मागवला. परतताना हे म्हणाले, “त्या बाईची बाजू मजबूत आहे.” इतक्या वर्षांत आमचं इतक्या लवकर एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

तिथून सिनेमा. यादीत नुसतं ‘सिनेमा’ होतं, पण मुंबईत जाऊन मराठा मंदिरला न जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसतं चंद्रभागेत पाय धुऊन परतणं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ तिथे २० ऑक्टोबर १९९५ला लागला. २०१४च्या डिसेंबरात त्याचे हजार आठवडे झाले, आणि मधला करोनाचा काळ सोडला तर सकाळी साडेअकराच्या खेळाला अजून आहे. समोर मुंबई सेंट्रल स्टेशन, बाजूला एसटीचं आगार. त्यामुळे प्रेक्षकांत प्रेमिक कमी आणि गाडीला वेळ असलेले जास्त. आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ ट्रंकेवर पाय ठेवून स्वित्झर्लंडभर झोपले होते आणि पंजाबात जागे झाले. काहींना सगळे संवाद पाठ, ते पडद्याच्या अर्धा सेकंद आधी म्हणतात. शेवटी गाडी सुटते, बाप मुलीचा हात सोडतो, ती धावते, तो दारातून हात पुढे करतो. माझ्या डोळ्यांत पाणी. शेजारून आवाज, “ताशी पंधरा किलोमीटर जरी धरले ना, तरी इतका वेळ धावायला फलाट किती लांब लागेल माहितीय?” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “किती, काका?” त्यांनी सांगितलं. दोन रांगा हसल्या. हे सुखावले. मुंबईत पहिल्यांदाच त्यांना वर्ग मिळाला होता.

बाहेर पडून आम्हाला दादरला जायचं होतं. ह्यांनी टॅक्सीला नकार दिला आणि आम्ही लोकलच्या फलाटावर उभे राहिलो. आता बघा, सिनेमात प्रेमाचा शेवट म्हणजे दोघांनी एकाच गाडीच्या एकाच दारात चढणं. मुंबईत लग्न झालेलं जोडपं फलाटावर येतं आणि वेगवेगळ्या दिशांना चालायला लागतं. ती बायकांच्या डब्याकडे, तो जनरलकडे. “दादरला उतर. पुलावर भेट.” एवढाच निरोप. हजारो जोडपी रोज सकाळी असा निरोप घेतात, नंतर दिवसभर एकमेकांना दिसत नाहीत, आणि लोक म्हणतात मुंबईत संसार टिकतात कसे.

बायकांच्या डब्यात शिरले आणि मला माणसांत आल्यासारखं झालं. पश्चिम रेल्वेने १९९२ मध्ये अख्खी गाडीच बायकांसाठी सोडली, ती का, हे त्या डब्यात पाऊल टाकल्याबरोबर कळतं. महालक्ष्मी यायच्या आत एकीने मला बसायला जागा दिली, दुसरीने माझी साडी कुठली ते विचारलं. “एकट्याच?” नाही, मिस्टर पलीकडच्या डब्यात. “फिरायला? दोघंच?” लोअर परळपर्यंत सगळ्यांना वाढदिवस कळला. प्रभादेवीला मी काचेच्या न्हाणीघराची हकिगत सांगत होते आणि कानातल्यांचे जोड विकणारी बाईसुद्धा विक्री थांबवून ऐकत होती. दादरला उतरताना “सांभाळून ताई” असं चार आवाज म्हणाले. मुंबईत मला सगळ्यात जवळची वाटलेली माणसं ती, आणि त्यांच्यातल्या एकीचंही नाव मला माहीत नाही.

दादरचा पूल. “पुलावर भेट” म्हणणाऱ्या माणसाला दादरला पूल एकापेक्षा जास्त आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. पश्चिम रेल्वेची गाडी सोडून मध्य रेल्वेची पकडायला निघालेले, मध्य रेल्वेची सोडून पश्चिमेची पकडायला निघालेले आणि फुलबाजारातून शेवंतीच्या गोणी घेऊन वर आलेले. मध्ये मी. ह्यांचा फोन लागेना. मग लांबवर, पलीकडच्या जिन्याच्या तोंडाशी, ती ओळखीची करड्या शर्टाची पाठ दिसली. चुकीच्या दिशेने निघालेली. मी जोरात हाक मारली, “अहो!”

पंधरा-वीस पुरुषांनी वळून पाहिलं. हे सोडून.

पुन्हा मारली. आणखी दहांनी पाहिलं. पाठ जिना उतरायला लागली. तेव्हा, उखाण्याखेरीज जे मी चारचौघांत कधी उच्चारलं नाही, ते ह्यांचं नाव मी दादरच्या पुलावर, भर गर्दीत, पोटातून ओरडून घेतलं. एकेरी. आडनावाशिवाय.

ते गर्रकन वळले. गर्दी कापत आले. चेहरा पांढरा. “काय झालं? घरी कुणाचं काही झालं का?”

“कुणाचं काही नाही. तुम्ही चुकीच्या पुलाला निघाला होतात.”

“मग नावाने काय हाका मारतेस! लोक बघतायत.”

“कोण बघतंय? एक तरी दाखवा.” खरोखरच कुणी बघत नव्हतं. सगळ्यांची गाडी होती. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग, तिथेच, पुलाच्या मध्यावर, माझा हात धरला. खडी नसताना.

“सर!”

एक चाळिशीचा माणूस पाठीवरची बॅग पोटावर घेतलेला, धापा टाकत आमच्यासमोर उभा. वाकून नमस्कार. “सर, मी दहावी ‘अ’! शेवटचा बाक! मॅडमनी नाव घेतलं ना, म्हणून वळून बघितलं. म्हटलं, हे नाव आणि मॅडमचा असा साताऱ्याचा आवाज, म्हणजे आपले सरच.” हे तीन दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले. त्यांना त्याचे बीजगणितातले गुणसुद्धा आठवले आणि त्यांनी ते मोठ्याने सांगितले.

मग तो ऐकेना. सरांचा लग्नाचा वाढदिवस आणि तेही मुंबईत, म्हणजे खाल्ल्याशिवाय कसं जाऊ देणार? दादरच्या एका मराठी उपाहारगृहाच्या रांगेत आम्ही तिघं उभे राहिलो. टेबल मिळालं तेव्हा पोऱ्याने विचारलं, “तिघंच ना? चौथ्या शेअरिंगमध्ये बसतील, चालेल?” चौथ्या म्हणून परळच्या एक आजी आल्या, हातात झेंडूची पिशवी. साबुदाणा वडा आणि पियुष मागवेपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं.

“अगं बाई, वाढदिवस?” त्या ह्यांच्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या. “मग नाव घे की!”

“घेतलं,” मी म्हटलं. “आत्ताच. पुलावर.”